आधी गंजी, मग घोडा

कोकणात घोड्यांसाठी आसरा काढायचा म्हटलं की बोलणी जागेवरून सुरू होतात, मग रजिस्ट्रेशन, मग देणग्या. चाऱ्याचा विषय निघालाच तर कुणीतरी हात झटकतं, ‘कोकणात गवताला काय तोटा?’ तोटा आहे, आणि तो नेमका जून ते सप्टेंबरमध्ये आहे. डोंगर हिरवेगार, बांधावर गुडघाभर गवत, आणि पागेत घालायला सुकी काडी नाही. पहिल्या पावसाचं कोवळं गवत म्हणजे पाचातले चार भाग पाणी. त्यावर तीनशे किलोच्या घोड्याचं भागवायचं तर दिवसाला तीस-बत्तीस किलो कापून आणावं लागेल. शिवाय मेपर्यंत सुकं खाणाऱ्या घोड्याला एकदम त्यावर सोडलं तर हगवण किंवा पोटशूळ ठरलेला.

टाकून दिलेल्या घोड्यांचे फोनही याच महिन्यांत वाढतात. अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर, सगळ्या पुळणींवरचा घोड्यांचा धंदा दिवाळी ते मे असा हंगामी. अलिबागला तर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात. जूनमध्ये समुद्र खवळला की गिऱ्हाईक संपतं, पण घोड्याचं खाणं संपत नाही. म्हातारा, लंगडा किंवा पाठीला जखम झालेला घोडा ‘चरू दे जरा’ म्हणून मोकळा सोडला जातो. पावसाळी रात्री कोरडी, कोमट जागा एकच असते, डांबरी रस्ता. घोडा तिथे जाऊन उभा राहतो आणि वळणावर ट्रकवाल्याला तो दिसत नाही.

म्हणजे घोडे येण्याचा हंगाम आणि चारा नसण्याचा हंगाम एकच. देणग्या येतात त्या मात्र जखमी घोड्याचा फोटो टाकला त्या आठवड्यात. संस्था चालवायची ती या तीन गोष्टींचा मेळ घालत. गंजीत जेवढं गवत आहे तेवढेच घोडे घ्यायचे, आणि गंजी मे महिन्याच्या मध्यापर्यंत भरलेली हवी. बाकी सगळं यानंतर.

गवताचं गणित

आधी घोड्याचं वजन. काटा नसतो, म्हणून शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत वजन मिळतं. घेर १५० आणि लांबी १५० असेल तर साधारण २८४ किलो. किनाऱ्यावरची बरीच तट्टं अडीचशे-तीनशेच्या आसपास निघतात. नजरेचा अंदाज पन्नास किलोंनी सहज चुकतो आणि तीच चूक पुढे जंताच्या औषधाच्या मात्रेत उतरते.

घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के सुका चारा लागतो. तीनशे किलोंना सहा किलो. वाळलेल्या गवतातही दहाएक टक्के पाणी असतंच, वर पायदळी जाणारं आणि भिजून वाया जाणारं धरा. हिशेबाला आठ किलो घ्या. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे घोड्यामागे ९७६ किलो. एक टन म्हणा. सहा घोडे असतील तर सहा टन. मोकळं गवत एका घनमीटरला सत्तरएक किलो बसतं, म्हणून सहा टनांना वीस फूट लांब, सोळा फूट रुंद आणि दहा फूट उंच एवढी कोरडी जागा हवी. गाठी बांधून मिळाल्या तर निम्म्यात भागतं. ही जागा पागेच्या आधी बांधा. चार वासे आणि प्लॅस्टिकच्या कागदाखाली घोडा पावसाळा काढतो, गवत काढत नाही.

वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरचं गवत दसरा-दिवाळीच्या सुमारास कापलं जातं. भाव सगळ्यात उतरलेला असतो तो तेव्हा, आणि मालही ताजा असतो. एप्रिलमध्ये जाल तर उरलंसुरलं दीडपट भावाने घ्यावं लागेल. खरेदी भाऱ्यावर करू नका, वजनावर करा. भारा बांधणाऱ्याच्या हातावर त्याचं वजन ठरतं. टेम्पो वजनकाट्यावरून आणायचा, भरलेला आणि रिकामा. ती पावती जपून ठेवा, पुढे देणगीदारांसाठी लागते.

साठवताना जमिनीपासून फूटभर वर फळ्या किंवा पॅलेट टाका. जांभ्याच्या जमिनीतून ओल वर चढते. भिंतीला गवत टेकवू नका. पत्र्याचे हूक दरवर्षी एप्रिलमध्ये तपासा, खारी हवा ते दोन-तीन वर्षांत खाते. ‘मे अखेरपर्यंत वेळ आहे’ हा हिशेबही जुना झाला. तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्याला किनाऱ्यावरून गेलं, निसर्ग २०२० मध्ये ३ जूनला रायगडात धडकलं. १५ मे ही शेवटची तारीख धरा. वादळाचा इशारा असेल तर घोडे पत्र्याखाली कोंडून ठेवू नका. झाडं आणि विजेच्या तारा नसलेल्या, कुंपण घातलेल्या उंच जागेवर मोकळे सोडा. मोहरकीला, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याला, फोन नंबर कोरलेला बिल्ला बांधा. उडालेला पत्रा घोड्याला वाऱ्यापावसापेक्षा जास्त इजा करतो.

गंजीची तपासणी आठवड्यातून एकदा, आणि ती हाताने. कोपरापर्यंत हात आत घालायचा. आत कोमट लागलं तर गवत ओलं असताना रचलं गेलंय, ते उकरून पसरा, नाहीतर तापत जाऊन पेट घेऊ शकतं. बाहेर काढलेली मूठ झटका. राखाडी धूर उडाला आणि तळघरासारखा वास आला तर ती बुरशी. असं गवत ‘थोडं झटकून’ घोड्याला घालू नका. त्याला खोकला लागतो, नाकपुड्या फुगतात, श्वास सोडताना पोट ओढलं जातं, आणि एकदा जडलेला हा दमा पुरता जात नाही. गाय-बैल जे निभावून नेतात ते घोडा नेत नाही. त्याला ओकता येत नाही, आणि त्याचं आतडं लांबलचक, वळणावळणाचं असतं.

कोकणात फुकट मिळणारा चारा म्हणजे भाताचा पेंढा. तो एकट्याने घालू नका. त्यात पोषण थोडं, सिलिका जास्त, आणि लांब कडक काड्या आतड्यात गोळा होऊन अडकतात. कापून, एकूण चाऱ्याच्या चौथाईपर्यंत, सोबत भरपूर पाणी, एवढं चालतं. दुसरा मोह हत्तीगवताचा, म्हणजे नेपियरचा. ते दाबून वाढतं, पण त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम अडवतं. त्यावर गव्हाचा किंवा भाताचा कोंडा घातला तर फॉस्फरसही वाढतो. मग घोडं कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढतं. काही महिन्यांनी चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात, आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतं, आणि लोक नालबंदाला दोष देतात. नेपियर घालायचंच असेल तर सुक्या गवताबरोबर मिसळा आणि लसूणघास (अल्फाल्फा) किंवा डॉक्टर सांगतील ते कॅल्शियम सोबत ठेवा. लसूणघास घाटावरून येतो, महाग पडतो, पण थोडा साठा हवाच. कशासाठी, ते खाली येईल.

पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर. मिठाचा खडा कायम टांगलेला ठेवा. आणि चारा वाळूवर टाकू नका. पुळणीवर राहिलेल्या घोड्याच्या पोटात आधीच वाळू असते. खात्री करायची तर लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत घ्या, पाणी ओता, कालवा आणि खुंटीला टांगून पंधरा मिनिटं ठेवा. पिशवीच्या कोपऱ्यात चमचाभर वाळू बसली तर डॉक्टरांना कळवा. इसबगोल द्यायचा की नाही आणि किती, ते त्यांनी ठरवायचं. घमेलं किंवा जुनी रबरी मॅट एवढ्यानेच पुढचं टळतं.

फोन आल्यावर

फोनवर पाच गोष्टी विचारा. घोडा उभा आहे की पडलाय? रक्त कुठून येतंय? किती वेळ झाला? मालक कोण, कुणाला माहीत आहे? जवळ वाहन येईल असा रस्ता आहे का? मग एक फोटो आणि लोकेशन मागवा. निम्म्या वेळा १९६२ वर फोन करून पशुवैद्यकीय गाडी पाठवणं एवढंच काम असतं.

मालकाचा प्रश्न टाळू नका. रस्त्यावर दिसला म्हणून उचलून आणलेला घोडा कायद्याच्या नजरेत चोरीचा ठरू शकतो. मालक सापडला आणि द्यायला तयार असेल तर स्टॅम्प पेपरवर लेखी, दोन साक्षीदारांसमोर. सोबत घोड्याचे चारी बाजूंनी फोटो आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची नोंद, कारण रंग मोसमाप्रमाणे बदलतो, भोवरे बदलत नाहीत. तयार नसेल आणि छळ उघड असेल तर पोलीस तक्रार, पंचनामा, डॉक्टरांचा दाखला या वाटेने जा. प्राणी क्रूरता प्रतिबंधाचा कायदा १९६० चा आहे. खटल्यातल्या जनावरांचा सांभाळ आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा याचे नियम २०१७ चे आहेत. त्यानुसार खर्च आरोपीकडून मागता येतो. मात्र खटला चालेपर्यंत तो घोडा तुमचा नसतो. विकणं, देऊन टाकणं, खच्ची करणं काहीही कोर्टाला न विचारता करू नका.

पडलेल्या घोड्याला पायाला दोर बांधून ओढतात. हे पाहून अंगावर काटा येतो, आणि पाय निखळतो तो वेगळाच. पुढच्या पायांमागून आणि मांड्यांपुढून रुंद पट्टे घ्या, आगीच्या बंबाचा जुना पाइप उत्तम. खाली ताडपत्री किंवा रबर सरकवा आणि पाठीच्या बाजूने ओढा. पायांच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. डोळ्यावर ओला टॉवेल टाका. दोन-तीन तासांत उठत नसेल तर कूस बदलत राहा, खालच्या बाजूचे स्नायू स्वतःच्याच भाराने मरतात. टेम्पोत चढवायला उताराची फळी नसेल तर शेताचा उंच बांध शोधा आणि टेम्पो त्याला लावा. हौद्यात वाळू किंवा काथ्याची चटई हवीच, नुसत्या पत्र्यावर पहिल्या वळणाला घोडा बसतो.

आल्यावर तीन आठवडे वेगळा. त्याची बादली, खरारा, मोहरकी, सगळं वेगळं. ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसाला होणारा, जीवघेणा रोग आहे आणि कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. नाकातून घट्ट स्राव, कातडीखाली ओळीने गाठी दिसल्या तर हातमोजे न घालता शिवू नका. रक्ताचा नमुना सरकारी दवाखान्यामार्फत पाठवतात. हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही त्यातली मुख्य प्रयोगशाळा. धनुर्वाताचं इंजेक्शन पहिल्याच दिवशी, जखम कितीही छोटी असो. घोड्याइतका धनुर्वात क्वचितच कुठल्या जनावराला होतो.

आता सगळ्यात जास्त घोडे ज्यामुळे जातात ती गोष्ट. हाडांचा सापळा झालेला घोडा येतो, गाव हळहळतं, आणि कुणीतरी मायेने पाटीभर भिजवलेले चणे, गूळ, चपात्या आणतं. घोडा अधाशासारखा खातो, सगळ्यांना समाधान. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो कोसळतो. उपाशी शरीरात एकदम पिष्ट आणि साखर गेली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, आणि हृदय व श्वासाचे स्नायू बंद पडतात. उपासमारीने नव्हे, जेवणाने मेलेला घोडा. म्हणून पहिले तीन दिवस फक्त वाळलेला लसूणघास, आणि तोही थोडाथोडा: पाचशे किलोच्या घोड्याला दर चार तासांनी अर्धा किलो, अडीचशेच्या तट्टाला पाव किलो. रात्री दोनलाही. चौथ्या दिवसापासून हळूहळू वाढवत दहाव्या दिवसापर्यंत पोटभर. दाणा महिनाभर नाही. लसूणघासात पिष्ट कमी आणि हवी ती खनिजं जास्त, म्हणून तोच. जंताचं औषधही पहिल्याच दिवशी भरपूर देऊ नका. अशक्त घोड्यात एकदम मेलेले जंत स्वतःच संकट होतात, दिवस डॉक्टरांना ठरवू द्या.

घोड्याच्या खोपटीवर एक पाटी लावा: ‘काहीही खायला घालू नये. कितीही मागितलं तरी.’ ही पाटी औषधांच्या कपाटापेक्षा जास्त घोडे वाचवते.

पावसाळ्यात खुरं रोज उचलून साफ करायची. तळाच्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचांत काळा, कुजका वास येणारा लगदा दिसला तर कूज सुरू झाली. खाच खरवडा, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवा, आणि सर्वांत महत्त्वाचं, दिवसातले काही तास घोडा कोरड्यावर उभा राहील असं बघा. जांभ्याचा चिरा घातलेली, उताराची जमीन त्यासाठी सिमेंटपेक्षा बरी. नालबंद कोकणात गावोगाव मिळत नाहीत. सहा आठवड्यांनी एकदा बाहेरून बोलवायचा तर त्याचा प्रवासखर्च बजेटमध्ये लिहा आणि त्याच दिवशी आसपासच्या घोडेवाल्यांचेही घोडे बोलवा. पाऊस ओसरला की गोमाशी वाढते आणि सर्रा पसरतो: येणारा-जाणारा ताप, पोटाखाली सूज, घोडा खातो पण झडतो. कामाला येणाऱ्यांना गमबूट सक्तीचे, कारण चिखल आणि उंदीर म्हणजे लेप्टो.

गणपतीत आणखी एक धोका असतो, निर्माल्य. दूर्वा, झेंडू म्हणून भक्तिभावाने टोपली आणून रिकामी करतात आणि त्यात कण्हेर असते. मूठभर पानं घोड्याचा जीव घ्यायला पुरतात, वाळलेलीसुद्धा. पिवळी बिट्टीही तशीच. कुंपणाला कण्हेर असेल तर आजच उपटा.

पैसा कुठून, कसा

कागद थोडक्यात. महाराष्ट्रात निदान सात जणांची सोसायटी १८६० च्या कायद्याखाली आणि तिचीच नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हा राहून जातो आणि पाच वर्षांनी बँक सही मानत नाही तेव्हा आठवतो. नोंदणी व्हायच्या आधी वर्गणी गोळा करायची असेल तर गणेश मंडळं घेतात तशी कलम ४१-क ची परवानगी घ्या. आयकरातली नोंदणी आणि देणगीदाराला सूट देणारी ८०जी, ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले, तेव्हा अर्ज भरताना सीएला विचारा. ८०जीची सूट दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि वस्तुरूपाने दिलेल्या चाऱ्यालाही नाही. ‘मी दहा हजारांचं गवत टाकलं, पावती द्या’ म्हणणाऱ्याला हे आधी सांगा. त्याने संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत आणि संस्थेने गवत घ्यावं, दोघांचं काम होतं.

कोकणातली घरटी एक व्यक्ती मुंबईत नाहीतर आखातात. आखातात काम करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून पाठवलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा. पण नागरिकत्व बदललेल्या मामाचे शंभर डॉलर मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतात, तो मामा गावचाच असला तरी. ती नोंदणी नसेल तर रक्कम स्वीकारू नका. त्यासाठी तीन वर्षांचं काम आणि तेवढ्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, नव्या संस्थेने त्या वाटेला जायचं कारण नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्यासाठीच्या खर्चात, प्राणिकल्याण बसतं, पण त्यांना मोठ्या वस्तू आवडतात: रुग्णवाहिका, शेड. डिझेल आणि मोतद्दाराचा, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याचा, पगार कुणी देत नाही. गाडी मिळतेय म्हणून घेण्याआधी तिचा महिन्याचा खर्च कोण देणार ते लिहून काढा.

मागायचं काय? ‘घोड्यांना वाचवा’ म्हणून मागितलेल्या पैशाला आकार नसतो. दिवसाची वैरण मागा. समजा गवत घरपोच बारा रुपये किलो पडलं, तर आठ किलोंचे शहाण्णव रुपये. मीठ-बीठ धरून शंभर. ‘शंभर रुपयांत एका घोड्याचा श्रावणातला एक दिवस’ हे वाक्य घरात, पानपट्टीवर, एसटीत कुठेही समजतं. सहा घोडे, १२२ दिवस, म्हणजे ७३२ दिवस विकायचे आहेत. पागेच्या दारावर फळा लावा, विकलेला दिवस खडूने खोडा. फळ्याचा फोटो दर रविवारी टाका. वाढदिवस, श्राद्ध, लग्नाचा वाढदिवस, लोक आपापली तारीख मागून घेतात. ऑगस्टचे मधले दिवस रिकामे राहतात, ते दरवर्षी राहतात. ते ग्रामविकास मंडळांच्या मुंबईतल्या शाखांना एकगठ्ठा द्या.

विक्री नोव्हेंबरमध्ये सुरू करा, गवत घेण्याच्या वेळी. जुलैत जखमी घोड्याचा फोटो टाकून पैसे येतात, नाही असं नाही, पण जुलैत पैशाने गवत मिळत नाही. फोटोला आलेला पैसा त्या घोड्याच्या उपचारासाठी म्हणून आला असेल तर वहीत वेगळा लिहा, आणि घोडा गेला तर उरलेल्याचं काय होईल हे आवाहनातच सांगा: ‘शिल्लक रक्कम इतर घोड्यांच्या उपचाराला वापरली जाईल.’ हे एक वाक्य नसल्यामुळे चांगल्या संस्थांची भांडणं झालेली असतात. फोटोत मालकाचा चेहरा किंवा गाडीचा नंबर नको. खटल्याला बाधा येतेच, शिवाय तो घोडेवाला गावातला असतो आणि पुढचा फोन त्याच्याच भावाकडून यायचा असतो.

दानपेट्या खानावळी आणि होमस्टेमध्ये चालतात. पेटी सीलबंद, उघडताना दोन जण, तिथल्या तिथे मोजणी आणि यजमानाची सही. क्यूआर कोड संस्थेच्याच नावाच्या खात्याचा, खजिनदाराच्या नाही. तो दर आठवड्याला स्कॅन करून नाव बघा, कारण वरून दुसरा स्टिकर चिकटवणारे महाभाग असतात.

सोडवून आणलेल्या घोड्यांवर पर्यटकांना रपेट मारू देऊन पैसे मिळवायची कल्पना दर सभेत कुणीतरी मांडतंच. नको. ज्या पाठीच्या जखमा भरायला सहा महिने लागले तिच्यावर पुन्हा खोगीर, आणि शेजारच्या घोडेवाल्याच्या पोटावर पाय. एका वाक्यात गाव विरोधात जातं.

त्यापेक्षा पुळणीवर चालण्याचा कार्यक्रम घ्या. तारीख पंचांगातून काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, द्वितीयेला दीडला. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सात ते पावणेआठ. पुनव-अवसेच्या उधाणाला लागून असल्यामुळे पाणीही दूरवर मागे जातं आणि ओली वाळू पायाखाली कडक लागते. जानेवारी-फेब्रुवारीत प्रतिपदा किंवा द्वितीयेला येणारा रविवार शोधा, साडेसहाला सुरू करा, साडेआठला आवरा. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक ताडून बघा, पाऊणपट ही अंदाजाची. ग्रामपंचायत, पोलीस ठाणं आणि बंदर कार्यालय, तिघांना लेखी पत्र. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर तो कासवांच्या अंड्यांचा हंगाम असतो, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय वाळूत खांबही रोवू नका. टी-शर्ट छापू नका. प्रवेशफीतला अर्धा पैसा त्यात जातो आणि उरलेले एक्सएल वर्षभर पागा पुसायला वापरले जातात.

लीद विकता येते. मध्यम घोडा दिवसाला बारा-पंधरा किलो टाकतो. ताजी लीद झाडाला जाळते. तीन महिने ढिगात, उलटपालट करून, कुजवलेलं खत मात्र आंबा-सुपारीवाले हौसेने नेतात. पैसा मोठा नाही, पण नालबंदाचा प्रवास निघतो.

नाही म्हणणं

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. बारा वर्षांचा घेतला तर पुढची पंधरा वर्षं त्याची जबाबदारी आहे. गंजीतलं उरलेलं गवत भागिले आठ, भागिले सप्टेंबरअखेरपर्यंतचे दिवस, हा आकडा फोनशेजारी लिहून ठेवा आणि दर सोमवारी बदला. आकडा आहे त्या घोड्यांपेक्षा एकानेही जास्त नसेल तर नवा घोडा घ्यायचा नाही. मग काय करायचं? मालक असेल तर त्याच्याच दारात डॉक्टर न्या, जखमेचं औषध द्या, पंधरा दिवसांची वैरण उसनी द्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात घोडेवाल्यांसाठी जंताचं औषध, धनुर्वाताची लस आणि खुरं कापणं असं एक शिबिर घेतलं तर जुलैतले फोन तिथेच कमी होतात, आणि खर्च एका घोड्याच्या पावसाळ्याएवढाच येतो. शिबिरात गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियमही सांगता येतात: गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चार माणसं, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, लगामाचं काटेरी कडियाळ अजिबात नाही. पारा ३७ च्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. किनाऱ्यावर पारा सहसा तेवढा चढत नाही, पण घाम वाळत नाही, आणि घोडा गार होतो तो घामानेच. तेव्हा इथे दुपारची सुटी पाऱ्यावर ठेवू नका.

काही घोडे वाचवायचे नसतात. मांडीचं हाड मोडलेल्या, तीन दिवस चिखलात पडलेल्या घोड्याला सलाइन लावून फोटो टाकत राहणं ही दया नव्हे. निर्णय पशुवैद्यकाचा, लेखी. खड्डा जेसीबीने, सात-आठ फूट, विहीर आणि ओढ्यापासून लांब. जांभ्यात पावसाळ्यात ऐन वेळी तो खणून मिळत नाही, म्हणून जागा आणि जेसीबीवाला मेमध्येच ठरवून ठेवा. झोपेच्या इंजेक्शनने गेलेला घोडा उघड्यावर टाकला तर तो खाणारी कुत्री आणि घारीही मरतात.

सप्टेंबरच्या तीस तारखेला उरलेलं गवत काट्यावर घाला आणि किती उरलं ते त्याच फळ्यावर लिहा, दीडशे किलो का असेना. देणगीदार ते वाचतात. त्यातलं चांगलं ऑक्टोबरला ठेवा, वास आलेलं आंब्याच्या आळ्यांत पसरा, फळ्या उन्हात टाका. दहा-पंधरा दिवसांत नवी कापणी सुरू होते.